अंग ओलं असतानाच

कुंभिवली
१२ डिसेंबर २०२४

सुनिता,

आधी आशीर्वाद घे, मग रागाव. फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद पुढे ओढला. कागदाचं एक बरं असतं, तो मध्येच कापता येत नाही. फार तर चुलीत घालशील. पण तुमच्याकडे आता गॅस आहे, तेव्हा चूल पेटवेपर्यंत चार ओळी तरी वाचून होतील.

पत्र किशोरच्या हाती देते आहे. कारखान्यात जाता-येता त्याची मोटरसायकल रोज आमच्या नर्सरीवरूनच जाते. म्हणाला, "ताई, मला मधी घालू नको गं. घरी गेलो की ती बघंल, हितं आलो की तू." मी म्हटलं, "बाबा रं, तू तिचा नवरा, माझा भाऊ. मधी तू आईच्या पोटातून आलायस, आता कुठं जातोस?" गप खिशात घातलं त्याने.

समिधाचं लग्न ठरल्याचं त्याच्याकडूनच कळलं. मुलगा खालापूरकडचा, साईनाथ नावाचा, वैशाखात बार उडवायचा. ऐकून हातातलं रोप तसंच धरून बसले मी. आमचे हे म्हणाले, "लाव ते खड्ड्यात, नायतर तुझ्या हातातच मूळ धरंल." आनंद असा झाला, पोरी. आत्या आहे मी तिची. आपलं येणं-जाणं नसलं म्हणून नातं काही पुसून जात नाही.

आता मूळ गोष्ट. किशोरच्या तोंडून एक निसटलं. समिधाचं अंग फार कोरडं पडलंय, पोटऱ्यांवर पांढरं भुरभुरतं, कोपराच्या आत खाजवून लाल झालंय. आणि तू तिला रोज सकाळी कढत पाणी काढून, बेसन लावून, शिराळ्याच्या घासणीने घासतेस. लग्नापर्यंत पोरगी उजळावी म्हणून. सुनिता, तो मळ नाही गं. मळ असता तर पहिल्या आठवड्यात निघाला असता. ते तिचं कातडं आहे. घासशील तितकं जाईल आणि जाईल तितकं जास्त भुरभुरेल.

मी काही शिकलेली बाई नाही. किशोरच्या शाळेच्या पुस्तकांतून अक्षरं उचलली आणि पुढे वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही, एवढीच माझी शाळा. पण कुंडीतली माती मला कळते. घाटावरून हे कोरडं वारं सुटलं की माती अशी आवळते की वरून बादलीभर पाणी ओतलं तरी कडेकडेने वाहून खालून निघून जातं. मधला गोळा आत सुकाच. म्हणून आम्ही पाणी थोडं घालतो, हळू घालतो, आणि घातल्या घातल्या वर पातेरा, म्हणजे वाळला पाला, पसरतो. ओल आत आणायची पाण्याने, राखायची पातेऱ्याने.

कातडीचंही तसंच. पाणी कोमट. अंघोळ आटोपशीर. साबण काखेत, पायांना, जिथे घाम असतो तिथेच. टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही. आणि अंग ओलं असतानाच तेल. कोरडं झाल्यावर लावलेलं तेल म्हणजे सुक्या मातीवर घातलेला पातेरा, दिसायला ठीक, आत काही नाही.

एवढंच सांगायचं होतं. उत्तराची सक्ती नाही.

तुझी वन्सं,
गोदा


कुंभिवली
९ जानेवारी २०२५

सुनिता,

तुझं उत्तर पोचलं. किशोर म्हणाला, "ती म्हणली, वन्सना सांगा, आपलं बघा."

"एवढंच?"

"एवढंच. पण कागद टाकला नाय. तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय."

तांदळाच्या डब्याखाली म्हणजे मान मोठाच झाला. म्हणून हा दुसरा. डबा जरा उचलून बघ, दोघांना जागा होईल.

काल किशोरने पेट्रोलला पैसे काढले तेव्हा खिशातून एक ट्यूब पडली. मी विचारलं, कुणाची? म्हणाला, समिधाची, गजकर्णाची, मेडिकलवाल्याने दिली. डॉक्टरला दाखवलं का? तर म्हणे, "तिची आई नको म्हणते. लग्न ठरलेलं, कुनी बघितलं दवाखान्यात तर गावभर व्हायचं."

सुनिता, ती ट्यूब मला तोंडओळखीची आहे. माथेरानला हॉटेलात चादरी धुवायला होते तेव्हा माझे हात सोड्याने सोलवटून निघायचे. तेव्हा अशीच एक ट्यूब कुणीतरी आणून दिली. चार दिवस हात लोण्यासारखे. मला वाटलं, देव पावला. सोडली की दुप्पट उठायचं. पुन्हा लावायची. असं करता करता मनगटाची कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली, आतल्या शिरा दिसायला लागल्या. अजून हिवाळ्यात तिथे बांगडी टोचते. म्हणून घाबरले. समिधाचं गजकर्ण नसणार. तिचं माझंच आहे.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. चहा घेऊन आले. आता लिहूनच टाकते.

बारशाला मी माथेरानवरून आले होते. नाव ठरवून आले होते, समिधा. सगळ्या वाटेने ते घोकत खाली उतरले. पाळणा सजलेला, बाया बसलेल्या, आणि आत्याने कानात कुर्र करून नाव सांगायचं म्हणून मी पुढे वाकले, तर तू बाळाला छातीशी घेतलंस. "वन्सं, हात नका लावू. तुमच्या हाताचं तिला लागंल." हात लाल होतेच माझे, चिरलेले, खोटं कशाला बोलू. मग मी उंबऱ्याशी उभी राहिले, लग्नात धवले गाणाऱ्या चंद्राबाई धवलारणीला नाव सांगितलं आणि तिने ते बाळाच्या कानात सांगितलं. मी जेवले नाही. तू जेवा म्हणाली नाहीस. त्यातून जे तुटलं ते पोरगी लग्नाला आली तरी तसंच.

आता इतक्या वर्षांनी तुला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. तू ओली बाळंतीण होतीस. वाघीणसुद्धा त्या दिवसांत वाघाला जवळ येऊ देत नाही, मी तर चिरलेल्या हातांची नणंद. पण एक सांगते. हे लागत नाही. ताटातून नाही, पांघरुणातून नाही, हातातून नाही. आमच्या ह्यांनी माझ्याशेजारी उभा जन्म काढला. मी विचारलं, "तुमाला माझं काय लागलं का हो?" म्हणाले, "तोंड लागलं. आदी मी गरीब होतो."

ट्यूब एकदम बंद करू नकोस, माझ्यासारखं उलटेल. पण कातडीच्या डॉक्टरला दाखव. एवढं ऐक.

गोदा


कुंभिवली
२ मार्च २०२५

सुनिता,

हे पत्र वाचून तू चिडशील. चिडायचं ते माझ्यावर चिड, पोरीवर नको.

समिधा माझ्याकडे येते. संक्रांतीनंतर एका शनिवारी ऑफिसातून परस्पर आली. मी गुलाबाच्या काड्या कलम करत होते. पुढ्यात उभी राहिली, या उन्हात मनगटापर्यंत बाह्या, गळ्याशी ओढणी. म्हणाली, "आत्या, तुझी पत्रं मी वाचते. आई डब्याखाली ठेवते, मग मीच तांदूळ काढते."

तेव्हा हा डबा फार उपयोगी निघाला.

बाह्या वर केल्या तिने.  कोपराच्या आत नुसतं कच्चं. मानेवरही. आणि सुनिता, मला जे सुचलं ते मी केलं आणि ते चुकलं. मी कडुनिंबाचा पाला वाटून लावला. आमच्या आईने मला तसंच लावलं होतं. पोरगी दातावर दात दाबून बसली. दुसऱ्या शनिवारी आली तेव्हा कातडी उन्हात तडकलेल्या वाफ्यासारखी झाली होती.

मग तिला घेऊन पनवेलला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुला न विचारता. बाईंनी आधी ट्यूब बघितली आणि मान हलवली. मग मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, घरचं औषधही चालू आहे, कडुनिंब. त्या म्हणाल्या, "आजी, आधीच कोरडं आहे, त्याला आणखी कशाला वाळवताय? पापड करायचेत का?" समिधा हसली. मी पण हसले, पण जरा उशिराने.

त्यांनी सांगितलं ते असं. हे गजकर्ण नाही. कातडी मुळातच कोरडी, ओल धरून ठेवत नाही. घराण्यातून येतं. घरात कुणाला दमा आहे का, शिंका आहेत का, असं विचारलं. मी म्हटलं, आमच्या बाबांना दमा होता आणि माझा भाऊ सकाळी उठला की आळीला गजर लागत नाही, त्याच्या शिंकांवर लोक उठतात. त्या म्हणाल्या, बघा, ही सगळी एकाच वेलाची फळं. तेव्हा सुनिता, हे नुसतं माझ्याकडून नाही आलेलं. किशोर तुला दिला तो शिंकांसकट दिला होता, आमच्या लोकांनी तेवढं लपवलं.

ती ट्यूब कशी कमी करत सोडायची ते त्यांनी स्वतः सांगितलं, वेगळं सौम्य मलम दिलं, आणि एक बिनवासाचं पांढरं क्रीम, डबाभर. अंघोळीनंतर अंग ओलं असतानाच लावायचं, रात्री पुन्हा. खोबरेल चालेल म्हणाल्या, मोहरीचं नको. लोकरीचं, नायलॉनचं अंगाला लागू द्यायचं नाही. नखं बारीक ठेवायची. भांडी-कपडे हातमोजे घालून. आणि जाणार नाही म्हणाल्या. राखावं लागेल, आयुष्यभर. समिधाचा चेहरा पडला. मी म्हटलं, "अगं, वेणी पण रोजच घालावी लागते. एकदा घातली म्हणून जन्माची सुटते का?"

परत येताना एसटीत तिने मला एक गोष्ट सांगितली आणि ती तुला सांगायलाच हवी, म्हणून हा कागद. ती म्हणाली, "आत्या, हळदीला मी नाय उभी राहणार. मागच्या वर्षी मैत्रिणीच्या, हर्षलाच्या हळदीत पोरींनी मुठी भरून थापली, डीजेवर नाचत. मला नुसता टॉवेल लागला तरी आग होते. आई म्हणते, दोन तासांचा प्रश्न आहे, सोस. आणि साईनाथला काय सांगू नको म्हणते, लग्न होईपर्यंत. मी नाय सोसणार आणि लपवणार पण नाय. एकतर हळद नाय, नायतर लग्न नाय."

ती रागाने बोलली नाही. शांतपणे बोलली, म्हणून मला भीती वाटली. आपल्यात हळदीशिवाय लग्न म्हणजे काय बोलतील लोक, ते तू जाणतेस. पण पोरीच्या अंगाची आग ती एकटी जाणते.

तू काही करण्याआधी बोल तिच्याशी. मी मध्ये नाही.

गोदा


कुंभिवली
२३ मार्च २०२५

सुनिता,

परवाचा तुझा फोन. आमचे हे म्हणाले, "कोन गं, एवडं कोन बोलतंय?" मी म्हटलं, सुनिता. ते म्हणाले, "बरं झालं, लागला एकदाचा."

तू जे बोललीस ते मी मनाला लावून घेतलं नाही. "माझ्या पोरीला माझ्या पाठीमागं घेऊन गेलात, तुमाला काय हक्क?" बरोबर आहे. विचारून न्यायला हवं होतं. मी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हेही तितकंच बरोबर. "तुमच्यावरच गेली ती, कर्म माझं." हेही खरं. नाक पण माझ्यावर गेलंय, ते तुला अजून दिसलं नाही का?

पण शेवटी तू जे रडत बोललीस ते मी ऐकलं. "वन्सं, तुमी माथेरानला असताना मानसं तुमच्या हातचा चा पित नव्हती. मी बगितलंय. माझ्या पोरीचं सासरी तसं झालं तर?"

म्हणजे तू तेव्हाही बघत होतीस. मला वाटायचं कुणी बघत नाही.

तर आता माझं ऐक. लोक चहा पीत नव्हते कारण मी सांगत नव्हते. हात पदराखाली लपवायचे. लपवलं की माणसाला वाटतं, काहीतरी वाईट आहे. जो साईनाथ ओढणीखालचं हळदीनंतर बघेल, तो आत्ताच बघू दे. घाबरून गेला तर वैशाखाच्या आत गेला, ते बरं.

आणि हळदीचं. मी काल चंद्राबाईकडे जाऊन आले. म्हातारी आता काठीशिवाय उठत नाही, पण गळा तसाच आहे. धवले गायला समिधाच्या लग्नात तीच येणार ना? तिला मी सगळं सांगितलं. तिने तोंडातलं पान गालात सारलं. मग म्हणाली, "गोदे, ही थापाथापी कवाची गं? डीजे आला तवाची. आमच्या येळंला हळद घासत नव्हते, चढवत होते. तेलात कालवायची. आंब्याचं पान बुडवायचं. पायाला, गुडग्याला, खांद्याला, डोक्याला, पानानं नुसतं टेकवायचं. त्याला तेल चढवनं म्हनत. वरून खाली उतरवायचं परत. हात लावायचाच नसतो नवरीला."

सुनिता, ऐकलंस? हात लावायचाच नसतो. पाय, गुडघे, खांदे, डोकं. कोपराच्या आतल्या बाजूला नाही, मानेला नाही. जिथे तिचं कच्चं आहे तिथे आपला जुना रिवाज जातच नाही. आपण शोधायला पनवेलला गेलो आणि हे चंद्राबाईच्या गळ्यात पडून होतं.

समिधाच्या मैत्रिणींनी नाचायचं तर नाचू दे. चेहऱ्याला हळद हवी तर एकमेकींच्या लावू दे. पण नवरीला पानानेच. आणि ही पाकिटातली हळद नको, तिच्यात काय रंग असतो देव जाणे. घरची हळकुंडं दळा, खोबरेल तेलात कालवा, आणि आठवडाभर आधी तिच्या पायावर टिकलीएवढी लावून बघा.

हा माझा सल्ला. हुकूम तुझा.

गोदा


कुंभिवली
२७ एप्रिल २०२५

सुनिता,

साईनाथ येऊन गेला. समिधानेच आणला. म्हणाली, "आत्या, हा बघ, याला दाखवलं मी." पोरगा संकोचून उभा, हातात हेल्मेट. मी म्हटलं, बस. मग विचारलं, "काय वाटलं रं तुला?"

तो म्हणाला, "मला वाटलं भाजलंय. घाबरलो. मग तिने सांगितलं. म्हटलं, रोज लावायचंय ना, मग लावू. मला काय, मी सिमेंटच्या ब्लॉकच्या कामावर आहे, माझे हात बघा."

बघते तर त्याची बोटं माझ्यासारखी, चिरा पडलेली, सिमेंटने खाल्लेली. मी हसायलाच लागले. त्याला बसवून कोकमाच्या मुठेलाचा, बियांच्या घट्ट तेलाचा, गोळा दिला, वितळवून चिरांत कसा भरायचा ते दाखवलं. आमचे हे म्हणाले, "घे, जावई पन आपल्याच जातीचा निघाला, भेगाळलेल्या."

जाताना पोरगा म्हणाला, "मामी, आईला मीच सांगतो घरी." त्याने मला आत्या म्हणायला हवं की मामी, ते त्याला कळेना. मी म्हटलं, काहीही म्हण.

किशोरकडून मला दुसरंही कळलं. शिराळ्याची घासणी मोरीतून गेली. आता त्या घासणीने तू कुकर घासतेस. मला कुणी सोन्याचे गोठ दिले असते तरी एवढं बरं वाटलं नसतं. समिधा म्हणाली, "आई स्वतः पाणी काढते, कोपर बुडवून बघते कोमट हाय का. आणि अंघोळ झाली की दाराबाहेर क्रीमचा डबा घेऊन उभी. 'घे, लाव, ओलं हाय तंवर,' म्हनते." पोटऱ्या आता नितळ आहेत तिच्या. कोपरांना अजून वेळ आहे.

लग्नपत्रिका मिळाली. किशोरने आणली, वर माझं नाव त्याच्या अक्षरात. सुनिता, पत्रिकेवर मी येणार नाही. हे रुसणं नव्हे. घराचं बोलावणं पुरुषाच्या खिशातून येत नाही, बाईच्या हातच्या कुंकवाने येतं, हे तुलाही ठाऊक आहे. त्या दिवशी मी उंबऱ्याशी उभी राहिले होते. आता या वयात पुन्हा उंबऱ्याशी उभं राहायची ताकद नाही.

एकच मागते. हळदीला मला अंगणात उभं राहू दे. मी पान धरणार नाही, वाटी धरणार नाही, हात पदरात ठेवीन. पोरीच्या कानांवर चंद्राबाईचा धवला पडताना मला नुसतं बघायचंय. नाही जमलं तरी मी समजून घेईन, आणि तेलाची बाटली मात्र किशोरबरोबर पाठवते आहे, घाण्यावरचं खोबरेल आहे, उन्हात ठेवू नकोस.

गोदा


कुंभिवली
२० मे २०२५

सुनिता,

आता तोंडाने बोलता येतं आपल्याला. तरी हाताला खोड लागली ती लागली. आणि एक गोष्ट अशी आहे की ती तू मला मांडवात विचारलीस आणि मी सांगितली नाही.

आधी दुसरं लिहू दे, म्हणजे मलाच पुन्हा वाचता येईल.

हळदीच्या आदल्या दिवशी मी झारी घेऊन पाणी घालत होते. किशोरची मोटरसायकल थांबली. मला वाटलं नेहमीसारखा आला. तर मागून तू उतरलीस. गुलाबांच्या कुंड्यांमध्ये उभी, पदर खोचलेला, हातात कुंकवाचा करंडा. मी झारी खाली ठेवली आणि म्हटलं, "चा घेशील?" आणि तू म्हणालीस, "तुमच्या हातचा." बस. तेवढंच. चहात मी साखर घालायला विसरले आणि तू तो सगळा प्यायलीस. किशोर मात्र पहिल्याच घोटाला म्हणाला, "ताई, हे काय गं?" तू त्याला कोपराने ढोसलंस, ते मी पाहिलं.

मग कुंकू लावताना म्हणालीस, "वन्सं, वाटी तुमीच धरा. पयलं पान तुमचं."

हळदीचं तुला काय सांगू, तू होतीसच. पण तू आत-बाहेर करत होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. बायांची रांग लागली होती. चंद्राबाईने काठी आडवी धरली आणि म्हणाली, "हात कुनी लावायचा नाय. पान टेकवा नि सरा. नवरी हाय, भिंत नाय लिंपायची." समिधाच्या मैत्रिणी आधी फुरंगटल्या. मग त्यांच्यातल्या नम्रताने पान हातात घेतलं आणि इतकं जपून टेकवलं की जणू पिलाला चारा देतेय. मग बाकीच्यांना तेच आवडलं. डीजेवाला पोरगाही थांबला, त्याने विचारलं, "गाणं लावू का काकू?" तर चंद्राबाई म्हणाली, "माझं संपलं की लाव रं. माझं आदी."

समिधा बसली होती बिनबाह्यांच्या पोलक्यात. पिवळ्या टिकल्या खांद्यांवर, गुडघ्यांवर. कोपरं उघडी होती. अजून थोडी लाल. कुणीही बघावं अशी उघडी. साईनाथच्या आईने उष्टी हळद आणली तेव्हा तिनेही पानच मागितलं. पोराने घरी सांगितलेलं होतं. पान टेकवून ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंच्याबी पायाला असंच होतं, आमी गोडेतेल लावायचो."

मग तू माझ्यामागे आलीस. मी वाटी धरून होते. तू हळूच म्हणालीस, "वन्सं, कानात सांगा की तिला. तवाचं राहिलंय."

सगळ्या बायांनी ऐकलं. चंद्राबाईने गाणं थांबवलं. समिधा म्हणाली, "मला माझं नाव माहीत हाय गं आई." आणि सगळ्या हसल्या, आणि तू हसलीस पण तुझे डोळे हसत नव्हते.

मी वाकले. तिच्या कानाशी गेले. तेलाचा, हळदीचा वास, आणि तिच्या केसांना त्या बाळाचा वास अजूनही आहे असं मला वाटलं, खरं नसेल. मी कुर्र केलं. समिधा इतकी हसली की पाटावरून पडायची. आणि तू मला विचारलंस, "काय सांगितलंत एवडं?" मी म्हटलं, आत्या-भाचीचं आहे, तुला काय करायचंय.

तर आता ऐक. आधी नाव सांगितलं. समिधा. ते राहिलेलं होतं, ते झालं. मग म्हटलं, "पाणी कोमट घे. आणि अंग ओलं असतानाच लाव. साईनाथला पण लाव."

म्हणून हसली ती.

काल तिचा फोन आला होता. सासरी मोरीत फळी ठोकून दिली तिला, डबा ठेवायला. कोपराची खाज कमी आहे. उन्हाळा आहे म्हणून असेल, हिवाळ्यात परत बघावं लागेल, ते तिलाही ठाऊक आहे.

आता शेवटचं. तू मांडवात अनवाणी धावत होतीस. तुझ्या टाचा मी बघितल्या. भेगांत मांडवाची माती बसलीय, एका भेगेतून रक्तही आलं होतं आणि तू तसाच पदर खोचून पंगत वाढत होतीस. सगळ्या जगाच्या कातडीचं झालं, तुझं राहिलं. मुठेलाचा एक गोळा मी ठेवलाय. पण हा मी किशोरकडे देणार नाही. तू ये. कोमट पाण्यात पाय ठेवून बस, मी टिपून देते आणि ओलं असतानाच लावते. हात माझेच असतील, ते तसेच आहेत, चिरलेले. चालतील ना?

रविवारी मी नर्सरीतच असते.

गोदा